'उलू': तो, ती की ते? आणि मराठीत विळी म्हणावं का?

हिमगौरी:
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. कॅनडात विनिपेगला २०२१ मध्ये कौमाजुक नावाचं इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी) कलेचं दालन उघडलं, ते बघून आले, त्यावर. गाडी अडलीय 'उलू'पाशी. उलू म्हणजे इनुइट बायकांचं कापायचं हत्यार: धार अर्धचंद्रासारखी आणि मूठ पात्याच्या बरोबर डोक्यावर. सील सोलणं, मांस कापणं, कातडं बेतणं, पोरांचे केस कापणं, सगळं त्यावरच. मी लिहिलं, "प्रत्येक बाईची स्वतःची विळी असे." संपादकांनी 'विळी' खोडून 'सुरी' केलं. सासूबाईंना फोनवर नुसतं वर्णन सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, विळीच की ती." काय लिहू?

आडाळो:
विळी नाही. विळी एका जागी बसते, वांगं तिच्याकडे न्यावं लागतं. इथे हत्यार हातात आणि मांस जागेवर. पाट नाही, पायाचा दाब नाही, खोवणी नाही. सासूबाई आकाराला भुलल्या. (आमच्या मालवणात विळीला आडाळो म्हणतात, माझं नाव त्यावरूनच.)

पायताण:
एवढ्या लांब कशाला जाताय? रापी म्हणा. आमचे आजोबा कोल्हापुरी चपला करायचे. पुढं पसरट पातं, गोलसर धार, कातडं कापायचं आणि तासायचं. उलूचं निम्मं काम कातड्याचंच आहे ना? हा शब्द तुमच्या संपादकांना सुचला नसेल, कारण कातड्याच्या कामाकडं कुणी बघतच नाही.

हिमगौरी:
पायताण, रापी फारच जवळ जाते. सुचली नव्हती, कबूल. पण रापी घेऊन कुणी जेवायला बसत नाही. तिकडे मांसाचा तुकडा दातात धरून ओठांपाशी उलूने कापतात! शिवाय रापी पुरुषाच्या हातातली; उलू बाईची.

पायताण:
आजी पण रापी चालवायची. आजोबांपेक्षा बरी.

शुद्धमती:
परके शब्द जसेच्या तसे उचलायची घाई का? 'अर्धचंद्रिका' हा सुटसुटीत शब्द रूढ करता येईल. आणि 'इनुइट लोक' असं कृपया लिहू नका. इनुइट म्हणजेच 'माणसं'. एक माणूस असेल तर इनुक. 'इनुइट लोक' हे 'विंध्याचल पर्वत'सारखं झालं.

आडाळो:
अर्धचंद्र देणे म्हणजे मराठीत मानगुटीला धरून बाहेर काढणे. संपादकांनी विळीला तोच दिलाय.

बेळगावी_आप्पा:
कन्नडमध्ये उळी म्हणजे छिन्नी. तमिळमध्येही तेच. उळी, उलू! हा योगायोग असूच शकत नाही. माणूस आशियातूनच तिकडे गेला ना?

आडाळो:
आप्पा, दोन अक्षरं जुळली की तुम्ही सोयरीक जमवता. उद्या उलथनंही इनुइटांच्या बॅफिन बेटावरून आलं म्हणाल.

बेळगावी_आप्पा:
उलथन्याचा आकार बघितलाय का कधी नीट?

हिमगौरी:
आप्पा, 🙏. समजा 'उलू'च ठेवलं, तर खरी पंचाईत लिंगाची. चाकू तो, वाळू ती, लिंबू ते. उलू कोण?

जळू_जळवा:
सुरी, विळी, रापी सगळ्या स्त्रीलिंगी, हत्यार बायकांचं, म्हणून ती उलू. अनेकवचन जळू-जळवा, सासू-सासवा यांच्या चालीवर 'उलवा'. "भिंतीवर तीन उलवा टांगल्या होत्या." कानाला छान लागतं.

आडाळो:
मग तो उलू का नको? चाकूही परकाच, तरी तो झाला.

पुणेकर_नाही:
नपुंसकलिंगी धरलं तर तारू-तारवे तसं उलू-उलवे. "आम्ही उलवे बघायला गेलो" असं लिहिलंत तर लोक नवी मुंबईतल्या फ्लॅटचे भाव विचारतील.

शुद्धमती:
मूळ भाषेत दोन उलूंसाठी वेगळं द्विवचन आहे, उलूक. आणि दोनाहून जास्त असतील तर उलुइत. संस्कृताशी केवढं हे साम्य!

पुणेकर_नाही:
संस्कृतात उलूक म्हणजे घुबड, बाई. आणि हिंदीवाला तर एकाच उलूला हसेल. नशीब, इनुइट चित्रकार केनोजुआक अशेवाकबाईंचं १९६० चं मुद्राचित्र, जे १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं, तेही घुबडाचंच.

सुईदोरा:
धागा घुबडावर जायच्या आत माझं एक. हिमगौरीने मला मसुदा पाठवला होता. त्यात "आई बाळाला अंगरख्याच्या टोपीत ठेवते" असं आहे. ते चूक. त्या अंगरख्याला अमाउती म्हणतात. बाळ टोपीत नसतं, टोपीखाली पाठीवर जी पिशवी शिवलेली असते तिच्यात असतं. टोपी मोठी असते ती दोघांच्या डोक्यांवर यावी म्हणून. मी 'पाठीवरची खोळ' म्हणेन. आमच्याकडे पावसात घोंगडीची खोळ करतात, तिची उब आठवली.
आणि शिवणकामाबद्दल दोन ओळी तरी घाल गं! सीलच्या कातड्याच्या बुटांना, म्हणजे कामिकना, असा टाका घालतात की सुई दुसऱ्या कातड्याच्या आरपार जातच नाही, अर्ध्या जाडीतून बाहेर येते. भोक नाही तर पाणी कुठून शिरणार? दोरा जनावराच्या स्नायूच्या तंतूंचा, तो भिजला की फुगून शिवण आणखी घट्ट. मी ३० वर्षं शिवतेय, मला हा टाका अजून जमलेला नाही.

पायताण:
आमच्याकडं पण कोल्हापुरी कातड्याच्या वादीनंच शिवतात. सुती दोरा नाही.

हिमगौरी:
खोळ पक्की! टोपीची चूक दुरुस्त केली. आता दालनातल्या दगडी मूर्तींचं सांगा. फलकावर सोपस्टोन आहे. साबणदगड लिहू?

शुद्धमती:
साबणदगड! शंखजिरे हा अस्सल मराठी शब्द असताना?

बेळगावी_आप्पा:
अस्सल? तो फारसी संग-ए-जराहत, जखमेवर लावायचा दगड. त्याचं संगजिरे झालं, आणि मग कुणीतरी शंख घुसडून त्याला सोवळं नेसवलं.

आडाळो:
आप्पांचं आज पहिल्यांदा पटलं.

शुद्धमती:
शंखासारखा पांढरा, म्हणून शंखजिरे. उगाच फारसी चिकटवू नये.

पुणेकर_नाही:
जिऱ्याचं काय मग? जिरं पांढरं असतं का?

सुईदोरा:
अहो पण किन्गाइट या इनुइट गावच्या, म्हणजे पूर्वीच्या केप डॉर्सेटच्या, त्या हिरव्या मूर्ती बऱ्याचदा सर्पेंटाइनच्या असतात. तो शंखजिऱ्यापेक्षा कठीण. १९४९ च्या मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनापासून दक्षिणेत या मूर्तींना गिऱ्हाईक वाढलं आणि सरसकट सगळ्यांना सोपस्टोन म्हणायची सवय लागली.

हिमगौरी:
दगड तपासून लिहिते. अंक उद्या छापायला जातोय, म्हणून उलूचं असं केलंय: "प्रत्येकीकडे उलू असे. लेकीला आईकडून उलू मिळे."

जळू_जळवा:
असे, मिळे! लिंग हळूच टाळलंत. पण मथळ्यात काय?

हिमगौरी:
मथळ्यात विळी. सासूबाई अंक वाचणार आहेत.

बेळगावी_आप्पा:
जिऱ्याचं उत्तर राहिलं. जराहतचं जिरे होताना मधला 'ह' कुठे गेला, ते सकाळी सविस्तर लिहितो.