लीजनच्या मिशनमध्ये हेरेटिकांना उडवावं की बदलावं? (मास इफेक्ट, तिन्ही भागांचे स्पॉयलर)

निशाचर:
मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमची २०२१ ची लेजेंडरी एडिशन घेऊन तिन्ही भाग सलग पुन्हा खेळतेय. शेवट माहीत आहेत, त्यामुळे बिनधास्त बोला. दुसऱ्या भागात लीजन या गेथ साथीदाराच्या लॉयल्टी मिशनवर (साथीदाराचा विश्वास कमावायचं मिशन) अडकलेय. म्हणजे मारामारी संपलीय, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलंय आणि शेपर्ड (आपली नायिका) कधीची तिथे ताटकळत उभी आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: गेथ ही क्वारियन या परग्रहवासी जमातीने बनवलेली यंत्रं. सुटा प्रोग्राम ढ असतो, जितके एकत्र येतील तितकी अक्कल वाढते. एकट्या लीजनच्या देहात ११८३ प्रोग्राम आहेत. यातला एक गट रीपरांच्या (प्रगत जीवसृष्टी संपवणारी प्राचीन यंत्रं) नादी लागून वेगळा झाला, ते हेरेटिक. पहिल्या भागभर आपण ज्यांना गोळ्या घालत फिरलो तेच. आता त्यांनी बाकीच्या गेथनाही रीपरभक्त करून टाकणारा व्हायरस तयार केलाय. लीजन म्हणतो, तोच त्यांच्यावर उलटवता येईल. म्हणजे एकतर स्टेशनसकट हेरेटिक संपवा, नाहीतर त्यांचं मत बदलून त्यांना परत आणा.

बदललं की पॅरागॉनचे (भलेपणाचे, निळे) गुण, उडवलं की रेनेगेडचे (निर्दयपणाचे). इथेच माझं घोडं अडलंय. व्हायरस मत कसं बदलतो, हे लीजन समजावतो ते आठवा: एका गणिताचं उत्तर १.३३३८२ यायचं तिथे १.३३३८१ येतं, आणि त्यावर उभे राहणारे पुढचे सगळे निष्कर्ष वेगळे होतात. त्याच्या बोलण्यात कुठेही "ते बिघडलेत" असा सूर नाही. हेरेटिक निघाले तेव्हा बाकीच्यांनी त्यांना शांतपणे जाऊ दिलं होतं. मग आज त्यांच्या डोक्यात शिरून तो शेवटचा आकडा आपण खोडायचा, आणि वर याला दया म्हणायचं? त्यांनी केलं तर गुन्हा, तेच हत्यार आपण वापरलं तर निळे गुण!

पण उडवणंही सहज जमत नाहीये. लीजनचंच एकमत होत नाही, म्हणून तो शेपर्डला विचारतो. तुम्ही काय केलंत आणि का? पुढे तिसऱ्या भागात रॅनोक (क्वारियनांचा मूळ ग्रह) आहे, तेव्हा डावपेचाच्या बाजूनेही सांगा.

खडूस_कमांडर:
आधी हिशेब, मग तत्त्वज्ञान.

तिसऱ्या भागात रॅनोकवर गेथ आणि क्वारियन यांच्यात समेट घडवायचा तर लपलेले ७ गुण असतात, त्यातले किमान ५ लागतात. हेरेटिक उडवले असतील तर २. टालीला (आपली क्वारियन साथीदार) दुसऱ्या भागातल्या खटल्यात हद्दपारी झाली नसेल तर २. टाली आणि लीजनचं जहाजावरचं भांडण कोणाचीही बाजू न घेता मिटवलं तर १. क्वारियन अॅडमिरल कोरिसला वाचवलं तर १. गेथ फायटर स्क्वाड्रनचं मिशन केलं तर १.

आता बेरीज करा. हेरेटिकांना बदललंत की तुमच्याकडे जास्तीत जास्त ५ राहतात. म्हणजे बाकी एकही गोष्ट हुकली की समेट गेला. कथेतही ते बसतं. परतलेल्या हेरेटिकांमुळे गेथांचं बळ वाढतं, क्वारियनांचा मार वाढतो आणि विश्वास ठेवायला कोणी उरत नाही. खेळाने निळा रंग लावलेला पर्याय पुढे जाऊन शांततेच्या आड येतो, ही लेखकांची मला सगळ्यात आवडलेली खोडी.

टालीचा खटला झालाय का? वडिलांच्या प्रयोगांचे पुरावे लपवून तिला निर्दोष सोडवलं असेल तर तुम्ही निवांत आहात.

अर्धविराम:
खडूसरावांचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून नैतिक उत्तर काढता येणार नाही. शेपर्डला त्या क्षणी ७ गुण दिसत नसतात.

मी बदललं, आणि पुन्हा बदलेन. निशाचर, तुम्ही गेथला माणसाच्या मापाने मोजताय. माणसाचं मत बदलणं म्हणजे त्याच्या आतला 'मी' पुसणं, हे मान्य. गेथमध्ये तसा एकटा 'मी' कुठे आहे? ते रोज एकमेकांत मिसळतात, वाटाघाटी करतात, वेगळे होतात. परत आलेल्या हेरेटिकांच्या आठवणी शाबूत राहतात, त्या सगळ्या गेथमध्ये वाटल्या जातात. उद्या त्याच आठवणींतून ते पुन्हा वेगळं मत बनवू शकतील. स्फोटात राख झालेल्याला ही संधी नाही. आणि "परवानगी न घेता" हा मुद्दा असेल, तर उडवताना कोणाची परवानगी घेणार आहात?

निशाचर:
शेवटचं वाक्य लागलं, खरंच. पण मला पहिल्या भागाचा खलनायक सॅरेन आठवतो.

पहिल्या भागात रीपर त्याच्या डोक्यात बसलेले असतात आणि तो छातीठोकपणे सांगत असतो की माझे निर्णय माझेच आहेत. शेवटी शेपर्डने त्याला पटवलं तर क्षणभर शुद्ध येते, आणि त्या क्षणी तो स्वतःवर गोळी झाडतो. या मालिकेत सगळ्यात भयानक गोष्ट मरण नाहीच, दुसऱ्याचं मत आपलं समजून जगणं ही आहे. तीन भाग आपण त्याविरुद्ध लढतो आणि मधल्या भागात तेच आपण करायचं? गेथमध्ये 'मी' नाही म्हणता, पण 'आम्ही' तर आहे ना. हेरेटिकांचा 'आम्ही' वेगळा होता.

अर्धविराम:
सॅरेनला निवडायला तो क्षण तरी मिळाला. हेरेटिकांच्या वतीने तुम्ही निवडताय, हे विसरू नका. शिवाय रीपर शुद्ध माणसाला बिघडवतात, इथे रीपरांच्या कच्छपी लागलेल्यांना आपण सोडवतोय.

निशाचर:
"सोडवतोय" असं रीपरसुद्धा म्हणतात की.

पोपटपंची:
एवढी चर्चा करा, बटण दाबल्यावर टायमर सुरू होतो आणि सगळे तत्त्वज्ञ दाराकडे पळत सुटतात. 😄

हां, एक मुद्दा कोणीच काढला नाही. स्टेशनवर लीजनला कळतं की हेरेटिकांनी इतर गेथमध्ये हेर पेरले होते. त्याला तो धक्का पचत नाही, कारण आपल्यातलेच लोक असं करतील हे त्याच्या हिशेबात नव्हतं. माझ्यासाठी प्रश्न तिथेच संपला. शांतपणे वेगळं होण्याचा करार त्यांनी आधी मोडला. युद्ध आहे, उडवा.

खडूस_कमांडर:
पोपटराव क्वचित बरोबर असतात, आज आहेत.

निशाचर, घाईचं एक: लीजन जहाजावर आल्यानंतर आपल्या लोकांचं अपहरण व्हायला फार वेळ लागत नाही. ते झाल्यावर एकही मिशन न करता थेट ओमेगा ४ रिलेतून (शेवटच्या मोहिमेचं दार) गेलात तर सगळे वाचतात. १ ते ३ मिशन केलीत तर निम्मे जातात, त्याहून जास्त केलीत तर जहाजावरची डॉ. चाकवास सोडून कोणी उरत नाही. त्यामुळे बाकीच्या लॉयल्टी आधीच उरकलेल्या असाव्यात. आणि लोक सापडले की त्यांना परत पाठवताना सोबत कोणीतरी द्या.

निशाचर:
बाकीच्या सगळ्या झाल्यात, टालीही सुटलीय, पुरावे न दाखवता.

उडवलं स्टेशन. गुणांसाठी नाही, अर्धविराम, हे तुम्ही मानणार नाही हे माहीत आहे. मला त्यांचा शेवटचा आकडा खोडवेना, एवढंच. लीजन काही बोलला नाही, निर्णय मान्य करून कामाला लागला, आणि तेच जास्त टोचलं.

आता कोरिसचं सांगा. तो वाचतो तेव्हा नेमकं काय करावं लागतं? मागच्या वेळी ते मिशन मी केलंच नव्हतं.

खडूस_कमांडर:
तो स्वतःला सोडून आपल्या माणसांना वाचवा म्हणून हट्ट धरतो. ते साधे नागरिक, लढणारे नाहीत. तुम्ही त्याला पटवून उचलायचं आणि त्यांना मागे सोडायचं, तरच तो १ गुण. त्याचा धागा वेगळा काढा, अर्धविराम वाट बघतोय.