शब्दचर्चा: ‘ह्यूमेनली रेझ्ड मीट’ला मराठीत काय म्हणायचं?

कातळसडा:
गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. जनावर मारून खाणं मुळातच गैर, की ते नीट जगलं आणि हाल न होता मेलं तर खायला हरकत नाही, असा वाद आहे. लेखभर ‘ह्यूमेनली रेझ्ड मीट’ येतं. मी ‘मानवी पद्धतीने वाढवलेले मांस’ असं केलं, तर मुद्रितं तपासणाऱ्या काकू म्हणाल्या, “मानवी मांस? ऐन दिवाळीत?” ‘प्रेमाने वाढलेले मांस’ केलं की पंगतीत आग्रह चालल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी. एका दमात म्हणता येईल असं.

खाडीपलीकडे:
‘गावठी’. संपला विषय. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत खानावळींच्या पाट्या बघा. लोक गावठीला दुप्पट पैसे मोजतात.

कातळसडा:
चवीसाठी मोजतात हो. त्यात दया कुठे आली? शिवाय गिरिराज, वनराज या सुधारित जातीही गावठी म्हणून खपतात. ‘गावठी’ने जात कळते, वागणूक नाही.

व्हाळावयलो:
दया नाय कशी? ब्रॉयलर ४० दिवसांत दोन किलोचो करतत, स्वताच्या पायार नीट उभो रवाक जमणा नाय तेका. आमचो कोंबडो पाच-सा म्हयने परसात उकरता, सांज झाली की आपणच डालग्याकडे येता. कापूच्या आदी आवस तेच्या तोंडात पाणी घाली. हेका आनी येगळा नाव कित्याक व्हया?

शुद्धलेखनाची वही:
बोलीभाषेचा आदर राखून सांगतो, लेखात पारिभाषिक शब्द हवा. ‘सदयपालित मांस’. सुटसुटीत आहे आणि व्याकरणाला धरून आहे.

खाडीपलीकडे:
“दादा, अर्धा किलो सदयपालित द्या.” चिकनवाला विचारील, ही कुठल्या कंपनीची?

शुद्धलेखनाची वही:
‘दूरदर्शन’ला पण लोक असेच हसले होते.

खाडीपलीकडे:
आणि आता घरोघर टीव्हीच म्हणतात.

परसदार:
‘वाढवणं’ हे क्रियापदच इथे परकं आहे. आपल्याकडे जनावर पाळतात नाहीतर पोसतात. गाय, कुत्रा, मांजर पाळायचं. बोकड, कोंबडा पोसायचा. माझ्या सासूबाई राखणीच्या कोंबड्याला चुकूनसुद्धा ‘पाळलेला’ म्हणत नाहीत, ‘देवाला पोसलाय’ म्हणतात. मुलांना त्याचं नाव ठेवू देत नाहीत. एकदा नाव पडलं की तो घरातला झाला, मग सुरी कोण चालवणार? मला वाटतं तुमच्या लेखकाची गोची इथेच आहे. त्याला पुण्य हवंय पाळल्याचं आणि रस्सा हवाय पोसलेल्याचा. तुकोबांनी भूतदया आणि गाईपशूंचं पालन एकाच चरणात ठेवलं, पण त्यात पातेलं चढवलेलं नाही. म्हणून शब्द द्यायचाच तर ‘पोसलेलं’ द्या आणि त्याला ‘मायेनं’ जोडू नका. माया आणि सुरी यांच्यात जे खटकतं ते वाचणाऱ्याला खटकू दे.

कातळसडा:
ताई, मुद्दा पटतो. पण लेखकाला ते खटकत नाही, हीच तर त्याची भूमिका आहे! मी अनुवादक आहे. त्याच्या तोंडी माझं मत कसं घालू?

परसदार:
मग ‘मायेनं पोसलेलं’ लिहा. लोक काय समजायचं ते समजतील.

गोठा:
तुकोबांच्या गाईचं बोललात म्हणून विचारतो, दुधाचं काय? शहरालगतच्या गोठ्यात म्हशीला रेडकू झालं की त्याच्या वाटचं दूध कॅनमध्ये जातं आणि ते फार दिवस टिकत नाही. टिकलंच तर जातं कुठे, हे दूध पिणारा विचारत नाही. प्राणी संरक्षण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, रेडा त्यात नाही. पाकिटावर मात्र दुधाला हिरवा ठिपका आणि अंड्याला तपकिरी खूण. रेडक्याचे हाल त्या ठिपक्यात दिसत नाहीत. मी स्वतः मांस खात नाही, पण दूध पितो म्हणून बोकड खाणाऱ्यापुढे ताठ मानेनं बसायची मला लाज वाटते.

खाडीपलीकडे:
विषयांतर.

गोठा:
शब्दाचाच विषय आहे. ‘शाकाहारी’त शाक आहे, दूध कुठे आहे?

शुद्धलेखनाची वही:
रास्त प्रश्न. इंग्लंडात १८४७ साली शाकाहारींची संस्था निघाली आणि दूधसुद्धा नको म्हणणाऱ्यांना १९४४ साली वेगळा शब्द घडवावा लागला, तो ‘व्हीगन’. आपल्याकडे ‘सामिष-निरामिष’ होतेच. आमिष म्हणजे मूळ संस्कृतात मांस. मराठीने ते गळाला लावलं आणि आता आमिष निवडणुकीत दाखवतात. ‘मांस’ शब्दाची फोडही मनुस्मृतीत आहे: ‘मां सः’, ज्याचं मांस मी इथे खातो, तो मला परलोकात खाईल.

मोहल्ल्यातली:
सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नाही, कोटी आहे. आणि त्याच्या पुढचाच श्लोक म्हणतो की मांस खाण्यात दोष नाही, सोडलं तर फळ मोठं. तो का गाळलात?

आता मूळ प्रश्नाबद्दल. आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत यासाठी शब्द आहे, तो तुम्ही सगळे टाळताय. ‘हलाल’ म्हणजे नुसती सुरी फिरवायची पद्धत अशी बाहेर समजूत आहे. माझे आजोबा बकऱ्यापुढे सुरीला धार लावू द्यायचे नाहीत, एकासमोर दुसरा कापू द्यायचे नाहीत. उपाशीतापाशी ठेवलेलं जनावर आलं तर परत पाठवायचे. हलालच्या जोडीला ‘तय्यिब’ असा शब्द येतो, म्हणजे चांगलं, निर्मळ. माझ्या मते तुमच्या इंग्रजी शब्दाला सर्वांत जवळचा हाच.

शुद्धलेखनाची वही:
तय्यिब मराठी वाचकाला कळणार नाही.

मोहल्ल्यातली:
आणि सदयपालित कळणार?

खाडीपलीकडे:
कायद्याची भाषा घ्या ना. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा खाण्यासाठी मारायला मना करत नाही, ‘अनावश्यक’ वेदना देऊ नका म्हणतो. धर्माने सांगितलेल्या पद्धतीला तर कलम २८ मध्ये मोकळीकच आहे. म्हणजे ‘अनावश्यक वेदनारहित मांस’.

परसदार:
हे औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. आणि आवश्यक वेदना कुठली, ते कोंबडीला कोणी विचारलं?

व्हाळावयलो:
तुमी सगळी कोंबड्यातच अडाकलास. माशाचा काय? बांगडो कोण पोसता? तो समुद्रात आपल्या मर्जीन जगता, कोणाच्या बापाचो खात नाय. म्हणजे जगना एकदम ब्येस. पण जाळ्यातसून होडयेर इलो की तडफडान मरता. तुमच्या लेखकाच्या हिशोबान बांगडो खावचो की नाय?

कातळसडा:
लेखात मासे नाहीतच.

व्हाळावयलो:
मगे तो लेख कोकणात कशाक छापतास?

खाडीपलीकडे:
एक जून ते ३१ जुलै होड्या बंद असतात, ती दया नाही का?

गोठा:
ती माशाच्या विणीसाठी, म्हणजे पुढच्या हंगामातल्या आपल्या ताटासाठी. आणि नंतर पर्ससीनची मोठी घेरणारी जाळी टाकणारे एका फेऱ्यात अख्खा थवा ओढतात, त्यात बारकी मासळी जाते ती जातेच. तिथे कोणी शब्द शोधत नाही.

परसदार:
आमच्याकडे यावर तोडगा आहे, सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे मांस-मासळी बंद. बाकीचे दिवस देवाला माहीत. ‘पाळणं’ हेच क्रियापद वारालाही लागतं. सोमवार पाळतात आणि कोंबडीही पाळतात.

खाडीपलीकडे:
ताई, कोंबडी पोसतात म्हणालात ना वर?

परसदार:
अंड्याची पाळतात. रश्शाची पोसतात.

शुद्धलेखनाची वही:
‘शिवराक’ निघालाच आहे तर सांगतो, हा ‘श्रावक’चा अपभ्रंश. जैन श्रावक मांस खात नाहीत, त्यांच्यावरून आला.

व्हाळावयलो:
कायतरीच. सोवळा राखना, तेच्यावरसून शिवराक.

मोहल्ल्यातली:
‘सोवळं’चं ‘शिव’ कसं झालं, ते एकदा दाखवा.

व्हाळावयलो:
‘श्रावक’चो ‘राक’ खयसून इलो, ता आदी तुमी दाखवा.

कातळसडा:
मंडळी, अंक शनिवारी छापायला जातोय. सध्या ‘चांगल्या रीतीने पोसलेल्या जनावराचे मांस’ असं ठेवलंय. लांब आहे, पण कोणी नरमांस समजणार नाही. हरकत?

शुद्धलेखनाची वही:
आहे. पाच शब्द झाले.

गोठा:
माझीही आहे, ‘चांगल्या रीतीने’ला. कोणाच्या दृष्टीने चांगल्या?

मोहल्ल्यातली:
माशांवरून आठवलं. तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यांतल्या जीवांना मेंदू नसतो, त्यामुळे त्यांना वेदना होत नसाव्यात, असं धरून बाकी सगळं मांस सोडलेले काही लोक त्या खातात. बाहेरदेशी यावर बरीच चर्चा झाली आहे.

व्हाळावयलो:
म्हणजे तिसऱ्यांचा सुक्का सोमवारी चलता?

परसदार:
सासूबाईंना विचारून सांगते.

शुद्धलेखनाची वही:
‘शिवराक’ श्रावकावरून असेल तर त्या सुक्क्यातला कांदाही चालणार नाही.