लिफ्ट, जिना आणि सांधेदुखी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ-४०२ : सर्वांना नमस्कार. लिफ्ट बंद असल्याची तक्रार मी काल केली, तेव्हा ‘जिने चढा, तेवढाच व्यायाम’ असे उत्तर आले आणि त्याखाली पाच जणांनी अंगठे दिले. मला वयोमानाने होणारी गुडघेदुखी नसून आमवात आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटली आहे. आज सकाळी बोटे मिटत नव्हती, म्हणून दाराची कडी दोन्ही तळहातांत धरून सरकवावी लागली आणि हात मोकळे व्हायला दीड तास गेला.

अ-१०३ : जिन्याच्या भिंतीकडील बाजूसही कठडा बसवावा, ही विनंती.

अ-२०१ : ते उत्तर माझे होते, काकू. आपल्याला दुखावण्याचा हेतू नव्हता. परंतु गेल्या रविवारी आपण बागेत फेऱ्या मारताना दिसलात आणि सभेच्या दिवशी मात्र सांधे आखडल्याचे कळवलेत, त्यामुळे काहींना प्रश्न पडला, एवढेच.

क-५०३ : सभा म्हटली की आमचेही गुडघे आखडतात आणि सहलीची बस आली की आपोआप मोकळे होतात!

अ-४०२ : हा विनोद मी तिसऱ्यांदा ऐकते आहे. या रोगात चांगले दिवस येतात तसे वाईटही येतात, आणि कोणता दिवस कसा उगवेल हे आदल्या रात्री मलाही ठाऊक नसते. रविवारी चालले, कारण डॉक्टरांनी चालण्यास सांगितले आहे.

अ-३०४ : फिजिओथेरपिस्ट या नात्याने लिहिते. काकूंचे चालणे आणि जिन्याची तक्रार यांत विसंगती नाही. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून केलेल्या मोजणीत असे दिसले आहे की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना त्याहूनही वाढतो. चालणे मात्र सोडू नये, कारण कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; सांधा दाबला जाऊन मोकळा होतो तेव्हा सांध्यातील द्रवातूनच तिला पोषण मिळते.

अ-१०३ : म्हणूनच भिंतीकडील कठड्याची विनंती पुन्हा करतो.

ब-६०१ : आमच्या स्नेह्यांनी एक पुडी सुरू केली आणि तीन दिवसांत त्यांचे दुखणे नाहीसे झाले. कोणास हवी असल्यास मागवून देतो.

अ-३०४ : आजोबा, आपला भाव चांगला आहे, पण ती पुडी कोणासही देऊ नये, ही कळकळीची विनंती. घटकांची नावे नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा उघड झाले आहे. त्याने आराम झपाट्याने वाटतो, परंतु दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि औषध एकाएकी थांबवणेही धोक्याचे ठरते. स्नेह्यांनीही ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

ब-६०१ : आम्ही केवळ मदत म्हणून लिहिले होते.

क-२०२ : विषयाला धरून विचारतो. माझ्या पत्नीचे वय ३१ आहे. दोन महिन्यांपासून तिच्या दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजतात आणि सकाळी तासभर आखडलेली राहतात. आम्ही हे कामाचा ताण समजून चाललो होतो. या वयात आमवात होतो का?

अ-४०२ : होतो. मला सुरुवात झाली तेव्हा मी ३४ वर्षांची होते आणि ‘बाळंतपणानंतर असे होतेच’ या समजुतीत वर्ष घालवले, त्याची किंमत ही वाकलेली करंगळी आहे. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तासभर टिकणारा ताठरपणा आणि दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज ही वेगळी खूण आहे. तिला याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांकडे न्या. एकदा झिजलेले हाड परत भरून येत नाही, मात्र औषध वेळेवर सुरू झाले तर ती झीज बऱ्याच अंशी रोखता येते. निदान झाले आणि मेथोट्रेक्सेट दिले, तर ते आठवड्यातून एकदाच असते, हे डबीवर वारासह ठळक लिहून ठेवा. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते.

क-२०२ : आभारी आहे. आजच वेळ घेतो.

क-५०३ : काकू, माझा विनोद अस्थानी होता. क्षमस्व.

अ-२०१ : मलाही फरक समजला. लिफ्ट सुरू होईपर्यंत काय करावे?

अ-३०४ : चढताना बरा पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पिशवी बोटांना न अडकवता कोपरापाशी किंवा खांद्यावर घ्यावी. शिवाय तिसऱ्या मजल्याच्या वळणावर चपलांचे कपाट कठड्याला टेकून ठेवलेले आहे, तेथे हात सोडावा लागतो.

अ-३०१ : ते कपाट कोणाच्या वाटेत येत नाही, असे मागील सभेतच मान्य झाले होते.

अ-४०२ : त्या सभेला मी नव्हते. रोज त्या वळणावर चार पायऱ्या मला आधाराविना उतराव्या लागतात.

अ-३०१ : सायंकाळी हलवतो.

अ-१०३ : भिंतीकडील कठडा.

अ-२०१ : साहेब, आपण पहिल्या मजल्यावर राहता, तरीही पाच महिने हीच विनंती करीत आहात. आज सहा वाजता मी मोजपट्टी घेऊन येतो, म्हणजे सचिवांकडे मापासह अर्ज देता येईल. आपण खाली येऊ शकाल का?

अ-१०३ : येईन, परंतु वेळ लागेल. माझा डावा गुडघा पूर्ण वाकत नाही आणि उतरताना भिंत त्याच बाजूला येते.