शिनचॅन: वात्रट पोराची गोष्ट की दमलेल्या आईबापांची?

दुपारची_लोकल

मुलीच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर परवा एका ताईंनी लिहिलं, "शिनचॅन घरात पूर्ण बंद करा, पोरं उलट बोलायला शिकतात." खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. तो ग्रुप गृहपाठासाठी आहे, म्हणून तिथे वाद घातला नाही. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

शिनचॅन ही जपानी कार्टून मालिका म्हणजे पाच वर्षांच्या पोराची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती त्याच्या आईबापांची गोष्ट आहे. योशितो उसुई यांची मूळ चित्रकथा १९९० साली ज्या साप्ताहिकात सुरू झाली, ते मोठ्या माणसांचं साप्ताहिक होतं. १९९२ च्या एप्रिलमध्ये जपानी टीव्हीवर मालिका आली आणि मग ती पोरांची झाली. आपल्याकडे २००६ मध्ये हंगामा चॅनेलवर हिंदीतून आली तेव्हा मी नववीत होतो. दप्तर टाकलं की टीव्ही. तेव्हा पोराकडे बघून हसायचो. आता मी पस्तिशीचा आहे, म्हणजे बरोबर त्याच्या बापाच्या वयाचा, आणि माझं लक्ष पोराकडे जातच नाही.

बाप म्हणजे हिरोशी नोहारा, हिंदीतला हॅरी. उत्तरेकडच्या बर्फाळ अकिताचा माणूस, नोकरीसाठी टोकियोत आलेला. घर टोकियोबाहेर साइतामामधल्या कासुकाबेला. घराचे हप्ते अजून ३२ वर्षं फेडायचे आहेत, हा मालिकेतला कायमचा विनोद. ऑफिसातून आला की बूट काढतो आणि मोज्यांच्या वासाने अख्खं घर नाक धरतं. आई मिसाए, म्हणजे हिंदीतली मित्सी, दक्षिणेकडच्या कुमामोतोची. वय २९. घरखर्चातून चोरून थोडे पैसे बाजूला ठेवणार, सेल दिसला की धावणार, आणि सकाळी बालवाडीची बस चुकली की पोराला सायकलवर घेऊन जीव खाऊन पायडल मारणार. दादरला नोकरी आणि बदलापूरला घर असलेल्या माणसाला यातलं काय समजावून सांगायचं?

एक बारीकशी गोष्ट सांगतो. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ "जाऊन येतो" असाच होतो. आपणही दारातून "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. परत आल्यावर तिकडे येणाऱ्याने "तादाइमा" म्हणायचं, म्हणजे "आलो हं", आणि घरातल्याने "ओकाएरी" म्हणायचं, म्हणजे "आलास का, ये". शिनचॅन दारातून आत येतो आणि स्वतःच "ओकाएरी" म्हणतो. आई दर वेळी आतून ओरडते, "तादाइमा म्हण!" आणि तो पुन्हा चुकवतो. इतकी वर्षं हा एकच विनोद चालू आहे. मला मात्र त्यात एवढंच दिसतं, की रोज कुणीतरी घरी येतंय आणि आत कुणीतरी आहे.

आणि आता तो मोज्यांचा वास. २००१ च्या चित्रपटात एक संघटना मोठ्या माणसांना जुन्या काळाच्या वासाने भुलवते. सगळे आईबाप मुलांना टाकून आपापल्या बालपणात निघून जातात. हिरोशी लहान मुलगा होऊन १९७० च्या ओसाका प्रदर्शनात रडत उभा असतो, चंद्रावरचा दगड बघायचाय म्हणून. शिनचॅन तिथे पोचतो. बापाला शुद्धीवर आणायला त्याच्याकडे काय आहे? बापाचाच बूट. तो बूट तो त्याच्या नाकाला लावतो. आणि मग शब्दांशिवाय हिरोशीचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. वडिलांच्या सायकलच्या मागे बसलेला मुलगा, मोडलेलं प्रेम, शहरात येणं, साहेबाची बोलणी, मिसाए, दवाखान्यातलं बाळ, उन्हातली वणवण, रात्रीचं घर. शेवटी पुन्हा सायकल, या वेळी तो पुढे आणि मागे त्याचा मुलगा. पोर विचारतं, "बाबा, मला ओळखलंत?" तो बापडा नुसता हुंदके देत "हो, हो" म्हणतो.

ज्या वासावर आपण वर्षानुवर्षं हसलो, त्याच वासाने माणूस घरी परत येतो. मालिकेतला विनोद आणि मालिकेतलं रडू एकाच मोज्यातून येतं, म्हणून मला ते खरं वाटतं.

बालवाडीबाई

लेख मनापासून लिहिलाय, वाचताना बरंही वाटलं. पण मी असहमत आहे.

मी अठरा वर्षं बालवाडीत शिकवते. माझ्यासमोर पस्तिशीचे बाप बसत नाहीत, साडेचार वर्षांची मुलं बसतात. तुम्हाला मोज्यात बापाचे कष्ट दिसतात, त्यांना चड्डी खाली करून नाचणारा मुलगा दिसतो. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने डब्याच्या वेळी तेच केलं. सगळे हसले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी रडत माझ्याकडे आली, "बाई, मला त्याच्याशेजारी बसायचं नाही." त्या मुलीला मी काय सांगू, की ही गोष्ट खरं तर आईबापांची आहे?

पाच वर्षांचं पोर रस्त्यात तरुण मुलींच्या मागे लागतं, आईच्या अंगावरून चार लोकांत टोमणे मारतं, आणि आई डोक्यावर टेंगूळ येईपर्यंत बुक्की मारते, नाहीतर दोन्ही मुठी कानशिलांवर घासते. मारणंही विनोद आणि उलट बोलणंही विनोद. मोठ्यांसाठी लिहिलेली गोष्ट होती, हे तुम्हीच म्हणता. मग ती मोठ्यांनीच बघावी.

आणि हा काही फक्त आपल्या पालकांचा सोवळेपणा नाही. खुद्द जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत "मुलांनी बघू नये असं वाटतं" त्या कार्यक्रमांत हे नाव वर्षानुवर्षं वरच राहिलं.

निळी_सायकल

बाईंचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पण आपल्याकडे २००८ मध्ये मालिका काही काळ बंद झाली आणि परत आली ती बरीच कापून. म्हणजे आज मुलं बघतात ती आधीच गाळलेली आहे. त्याउपर पोर नाचलंच, तर घरात शेजारी बसून "हे आपण करत नाही" असं सांगणारं कुणी होतं का, हाही प्रश्न विचारायला हवा. माझी आई पोळ्या लाटता लाटता आमच्याबरोबर बघायची. मिसाए ओरडली की ती मान डोलवायची, आणि शिनचॅन उलट बोलला की लाटणं आमच्याकडे वळायचं.

पानगळ७७

धागाकर्त्याचा मुद्दा मला दुसऱ्याच कारणाने पटत नाही. तुम्ही रडलात ते चित्रपटात. रोजच्या भागात ते रडू कुठे आहे? एका उत्तम दिग्दर्शकाने एक उत्तम चित्रपट काढला, त्याचं श्रेय तुम्ही हजार भागांच्या मालिकेला देऊन टाकलंत.

कुटुंबाचीच गोष्ट हवी तर त्याच जपानकडे साझाए-सान ही कार्टून मालिका आहे. १९६९ च्या ऑक्टोबरपासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला. तीन पिढ्या एका छपराखाली, लेक, जावई आणि नातू लेकीच्या माहेरी राहतात. घरजावई म्हटल्यावर आपल्याकडे किती टोमणे झाले असते! तिथे जावई आणि सासरा शांतपणे एकत्र बसून पितात. चड्डी कुणी काढत नाही आणि लोक अर्धशतकाहून जास्त काळ बघतायत. ती संपली की उद्या सोमवार, या विचाराने येणाऱ्या उदासीलाही जपानी लोकांनी तिचंच नाव दिलंय.

आणि चिबी मारुको-चान. मोमोको साकुरा यांनी सत्तरच्या दशकातल्या शिमिझू गावातलं आपलं लहानपण त्यात मांडलं, मालिका १९९० पासून. तिसरीतली मुलगी आणि तिला डोक्यावर घेणारे आजोबा, तोमोझो. नातीने काहीही मागावं आणि आजोबांनी तिच्या बाजूने उभं राहावं. साकुरा यांनी पुढे स्वतःच लिहिलं, की त्यांचे खरे आजोबा असे मुळीच नव्हते. घरात कुणाला त्यांचा लळा नव्हता. म्हणजे जे आजोबा मिळाले नाहीत ते त्यांनी चित्रांत काढून घेतले. हे कळल्यापासून तोमोझो नुसता हसला तरी माझ्या घशात आवंढा येतो. तिथे कुणाचे मोजे नाकाला लावावे लागत नाहीत.

दुपारची_लोकल

@पानगळ७७, मारुकोच्या आजोबांबद्दल मला माहीत नव्हतं. वाचून थांबलो थोडा वेळ. धन्यवाद.

पण श्रेयाबद्दल तुमचं गणित चुकतंय. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक केइइची हारा बाहेरून आलेले नव्हते. १९९६ पासून टीव्हीवरच्या मालिकेची सूत्रंही त्यांच्याकडेच होती. तो मोजा त्यांनी आठवड्यामागून आठवडे टीव्हीवर वाळत घातला होता, म्हणून चित्रपटात तो कामी आला. नवीन माणसाला तो बूट दाखवा, त्याला काही वाटणार नाही. त्या रडण्यामागे शेकडो भागांचं हसणं जमा आहे. आणि हिरोशीचा आवाज, केइजी फुजिवारा यांचा. २०१६ पर्यंत त्यांनीच तो दिला, २०२० मध्ये ते गेले. तोच रोजचा कंटाळलेला, प्रेमळ आवाज त्या प्रसंगात हुंदका देतो. तो रोजचा नसता तर हुंदकाही लागला नसता.

रोजच्या भागांतही आहे हो. धाकटी हिमावारी जन्मली त्यानंतरचे भाग आठवा. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे आणि हा बिचारा मध्येमध्ये लुडबुडतोय. किंवा गॅसच्या स्फोटात घर उडतं आणि सगळे एका जुनाट भाड्याच्या खोलीत जाऊन राहतात ते भाग. घर नाही, हप्ते मात्र चालू. सामान हरवलेलं, भांडणं तीच, आणि अंथरुणं एकमेकांना चिकटून.

@बालवाडीबाई, त्या मुलीचं वाचून मी गप्प झालो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मी एकटीला लावून देत नाही, आणि तो नाच आला की पुढे ढकलतो. "पूर्ण बंद करा" हे मला पटत नाही, पण "एकटं सोडू नका" हे मी ग्रुपवर लिहायला हवं होतं.

चहा_दोन_कप

दोन्ही बाजू वाचल्या. मला तिसरंच खुपतंय आणि ते अजून कुणी बोललं नाही.

मिसाएच्या वाट्याला काय येतं? तिचं वजन, तिचं पोट साफ न होणं, तिची छाती, तिची काटकसर, तिचं ओरडणं. हिरोशीच्या मोज्यांवर हसतात, पण ते मोजे कष्टाचे आहेत हे मालिका आपल्याला सांगते. मिसाएच्या वजनावर हसतात, तेव्हा ते दोन बाळंतपणांचं आहे हे कोण सांगतं? दिवसभर ती घरात. धुणं, भांडी, बाळ, कुत्रा, बस. एवढं करून दुपारी दहा मिनिटं डोळा लागला की तोही विनोद, "आळशी बाई."

मी २००१ चा तो चित्रपट कालच बघितला, या धाग्यामुळे. मोज्याच्या प्रसंगाला मी रडले, खोटं कशाला सांगू. माझे वडील गिरणीत होते, रात्रपाळी करून यायचे. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आई स्टोव्ह पेटवायची. ते सायकलचं चित्र आलं आणि मला तो जिना दिसला.

पण मग लक्षात आलं, की त्या सगळ्या आठवणी हिरोशीच्या आहेत. त्याचे वडील, त्याची नोकरी, त्याची सायकल. मिसाए त्यांत येते ती त्याची बायको म्हणून. कुमामोतोहून ती निघाली तो दिवस, तिची आई, शिनचॅनच्या वेळच्या तिच्या कळा, यातलं काहीच नाही. स्टोव्ह पेटवणारीही कुणीतरी होती ना?

बालवाडीबाई

@चहा_दोन_कप, हे माझ्याही मनात होतं, शब्द सापडत नव्हते. आमच्याकडे डबे भरून पोचवतात त्या बहुतेक आयाच असतात. केस ओले, गाडीची किल्ली दातांत. मिसाएची ती सायकल बघून मला त्या आठवतात, आणि हसू येत नाही.

निळी_सायकल

मला वाटतं मिसाएला एक गोष्ट मात्र मिळालीय. ती रागावू शकते. आमच्या मालिकांतल्या आया कोपऱ्यात पदराने डोळे पुसतात. ही नवऱ्यावर, पोरावर, सासऱ्यावर मोकळेपणी ओरडते, आणि तरी ती वाईट ठरत नाही. रात्री सगळे एकाच खोलीत झोपतात. माझी आई लाटणं वळवायची म्हटलं ना, तिला ही बाई आवडायची. "हिला निदान ओरडू तरी देतात," म्हणायची.

दुपारची_लोकल

@चहा_दोन_कप, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी तो प्रसंग पाच-सहा वेळा बघितलाय आणि एकदाही माझ्या हे लक्षात आलं नाही. मी हिरोशीच्या वयाचा झालो म्हणून हिरोशीकडे बघत बसलो. माझी बायको बत्तीसची आहे, मिसाएपेक्षा तीन वर्षांनी मोठी. काल रात्री तिला मी हा धागा वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला शुद्धीवर आणायला कुठला वास लागला असता?" मग स्वतःच थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बाळाच्या टाळूचा."