मेडिकलमधल्या सुट्या गोळ्यांचा स्टॉक कसा सांभाळता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. बिलिंग कॉम्प्युटरवर होतं, तरी रॅकमधला माल आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही. खरी गोची सुट्या गोळ्यांची. 10 च्या पट्टीतून गिऱ्हाईक 4 नेतं. बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवा असं पोरांना बजावलंय, पण संध्याकाळच्या गर्दीत नेमकी तीच कापली जाते. मग उरलेल्या तुकड्याची बॅच कोणती, कळत नाही. असा तुकडा रुग्णाला देणं मला पटत नाही. आधी एक्स्पायर होणारी बॅच पुढे लावतोच. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणून मोजकंच मागवतो. कापलेल्या पट्ट्यांची नोंद तुम्ही कशी ठेवता? आणि मोजणी रोज एकेका रॅकची करता, की महिनाअखेरीस सगळी एकदम?