मदत हवी आहे : ज्वारीच्या स्टार्चपासून सर्फॅक्टंट करताना उरणारे डोडेकॅनॉल कसे काढावे?

सोलापुरातील टॉवेल-प्रक्रियेसाठी सुती कापड भिजवणारा जैवविघटनशील सर्फॅक्टंट (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा घटक), म्हणजे अल्काइल पॉलिग्लुकोसाइड, आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार करत आहोत. त्यासाठी ज्वारीच्या स्टार्चचे विकरांनी ग्लुकोज करून ते वाळवले, पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्लाच्या उपस्थितीत ब्युटेनॉलबरोबर उकळवले, नंतर डोडेकॅनॉल (बारा कार्बनचे अल्कोहोल) घालून सुमारे ११० अंशांवर निर्वातात ब्युटेनॉल काढले आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्ल उदासीन केले. अभिक्रियेत तयार होणारे पाणी सतत काढले जाते, त्यामुळे कृपया त्या दिशेने शंका घेऊ नये.

उत्पादन गडद तपकिरी येते. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग बराच उतरतो, आणि टॉवेलसाठी तेवढे पुरे आहे. खरी अडचण मुद्दाम जास्त घेतलेल्या डोडेकॅनॉलची आहे. ते साध्या दाबाला २५९ अंशांच्या आसपास उकळते आणि तेवढ्या उष्णतेत साखरेचा भाग करपतो. ते तसेच राहिले, तर द्रावण गढूळ होते व कापड नीट भिजत नाही. हेक्झेनने धुतल्यास घट्ट फेसाळ इमल्शन बनते, जे मिठानेही फुटत नाही. थिन फिल्म इव्हॅपोरेटर (निर्वातात पातळ थरातून कमी तापमानाला द्रव उडवणारे यंत्र) आमच्याकडे नाही. क्लोरिनयुक्त द्रावके वापरायची नाहीत.

अशा परिस्थितीत वाफेचे ऊर्ध्वपातन उपयोगी पडेल का, की डोडेकॅनॉलऐवजी ऑक्टेनॉल-डेकॅनॉल या कमी तापमानाला उकळणाऱ्या अल्कोहोलांचे मिश्रण घेऊन, भिजवण्याची क्षमता न गमावता, ही अडचण मुळातच टाळता येईल?