शब्दचर्चा : ‘उदारमतवादी’ हा उदार असतो का?

चर्चाप्रस्ताव (पणजी)

एका मराठी दैनिकात मी पंचवीस वर्षे मुद्रिते तपासली. बातमी खरी की खोटी हे मुद्रितशोधकाने पाहायचे नसते, शब्द नीट बसला आहे की नाही एवढेच पाहायचे असते. परंतु काही शब्द असे असतात की बातमी कोणत्या देशाची आहे हे कळल्याखेरीज ते बरोबर की चूक हे ठरतच नाही. ‘लिबरल’ हा त्यांतला सर्वांत त्रासदायक शब्द. १९४४ साली स्थापन झालेला ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष हा तिथला उजवा पक्ष आहे. जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५पासून तिथल्या परंपराप्रिय मतदारांच्या आधारावर उभा आहे. अमेरिकेत लिबरल म्हणजे गरिबांसाठी सरकारने हात सैल सोडावा असे म्हणणारा, आणि हा अर्थ तिथे १९३०च्या दशकात रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत पक्का झाला. पोर्तुगालमध्ये २०१७ साली निघालेला ‘इनिसियातिव्हा लिबेराल’ हा पक्ष मात्र सरकारने हात आखडावा आणि कर कमी करावेत असे सांगतो. या सर्वांना आपण ‘उदारमतवादी’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो.

मूळ अडचण ‘उदार’ या शब्दातच आहे, असे माझे मत झाले आहे. उदार म्हणजे देणारा. ‘उदारहस्ते मदत’, ‘उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्’, ‘जिवावर उदार होणे’, कुठेही पाहा, कोणीतरी आपल्याजवळचे काही सोडतो आहे आणि सोडायचे की नाही हे सर्वस्वी त्याच्या मनावर आहे. लॅटिनमधल्या ‘लिबेर’ या शब्दाचा अर्थ मोकळा, कोणाचा दास नसलेला असा होता. त्यापासून निघालेल्या विशेषणाला दातृत्वाचाही अर्थ होता आणि आपल्या भाषांतरकारांनी तो उचलला, यात त्यांना दोष देता येणार नाही. पण राजकारणात हा शब्द स्थिरावला तो दुसऱ्या बाजूने. स्पेनमध्ये काडिझ येथे १८१२ साली जे संविधान तयार झाले, त्याच्या पुरस्कर्त्यांना ‘लिबेरालेस’ म्हणू लागले आणि त्यांनी आपल्या विरोधकांना जे नाव दिले त्याला मराठीत नेमका शब्द आहे : ‘हुजरे’. कोणाला तुरुंगात टाकायचे हे न्यायालयाने ठरवावे, कर किती घ्यायचा हे प्रतिनिधींनी ठरवावे, असे म्हणणारा मनुष्य राजाकडे औदार्य मागत नसतो. राजाला औदार्य दाखवण्याची संधीच उरू नये, अशी त्याची मागणी असते. ‘उदारमतवादी’ या शब्दात ही मागणी पार बुडून जाते आणि उरतो तो एक सौम्य, सोशिक, सर्वांचे ऐकून घेणारा गृहस्थ.

गोव्याला हा शब्द मराठीच्या आधी पोर्तुगीजमधून भेटला, हे आपण विसरतो. १८२०मध्ये पोर्तो शहरात उदारमतवाद्यांचे बंड झाले आणि त्यानंतर लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले. त्यांपैकी एक बेर्नार्दो पेरेश द सिल्व्ह. पुढे लिस्बनमध्ये पुन्हा उदारमतवाद्यांची सरशी झाल्यावर त्यांना गोव्याचा कारभार सोपवण्यात आला. १८३५च्या जानेवारीत या गोमंतकीयाने सूत्रे हाती घेतली आणि तीन आठवडेही उलटले नसतील तोच बंडाळी होऊन त्यांना गोवा सोडावा लागला. त्याच उदारमतवादी सत्तेने धर्मसंघ बरखास्त करून त्यांचे मठ सरकारजमा केले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा जो अर्धा मनोरा उभा दिसतो, तो त्या हुकुमाचा दूरचा परिणाम आहे : १८३५मध्ये वास्तू ओस पडली आणि १८४२मध्ये तिचे छत कोसळले. हुकूम योग्य होता की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, परंतु त्याला ‘उदार’ म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय पोर्तुगालच्या १८२६च्या संविधानिक सनदेने कॅथलिक पंथ हाच राज्याचा धर्म ठेवला होता. गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळायला १९१०चे प्रजासत्ताक उजाडावे लागले.

तिकडे पुण्या-मुंबईकडे याच विचाराला ‘नेमस्त’, ‘मवाळ’, ‘प्रागतिक’ अशी तीन नावे मिळाली. पहिली दोन स्वभावाची आहेत, तिसरे दिशेचे आहे, आणि विचाराचे एकही नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९६मध्ये डेक्कन सभा स्थापन करताना उदारमत आणि नेमस्तपणा हे दोन शब्द जोडीने घोषित केले होते. लोकांनी त्यांतला दुसराच लक्षात ठेवला, आणि तोही चेष्टेसाठी. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळक राज्यकर्त्यांशी भांडताना जहाल होते आणि घरातल्या रूढीबद्दल सावध होते. त्यांच्या विरुद्ध बाजूचे लोक नेमके उलट होते. एकाच माणसाला दोन शब्द लावावे लागतात, ही गोष्ट आपल्याला तेव्हापासून ठाऊक असायला हवी होती.

१९९१नंतर ‘उदारीकरण’ आले आणि उरलासुरला अर्थही विसकटला. ‘उदारीकरणाला उदारमतवाद्यांचा विरोध’ हे वाक्य मी स्वतः छापायला सोडले आहे. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, माहितीचीही नव्हती.

आता दुसरी बाजू. ‘काँझर्व्हेटिव्ह’साठी आपल्याकडे पुराणमतवादी, रूढिवादी, सनातनी, परंपरावादी, स्थितिवादी इतके शब्द आहेत, पण ‘सनातनी’ आणि कधीमधी ‘परंपरावादी’ सोडले तर त्यांतला एकही कोणी स्वतःला लावून घेत नाही. ती विरोधकांनी ठेवलेली नावे आहेत. ब्रिटनच्या पक्षाला आपण ‘हुजूर पक्ष’ म्हणतो, तेही ‘मजूर पक्षा’शी यमक जुळते म्हणून टिकले असावे. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांनी १७९०मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका केली म्हणून त्यांना या विचाराचे आद्य पुरुष मानतात; परंतु याच गृहस्थांनी अमेरिकन वसाहतींची बाजू घेतली होती आणि वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवून कंपनीचा भारतातला जुलूम पार्लमेंटसमोर मांडला होता. त्यांना ‘पुराणमतवादी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सोवळ्यातला शास्त्रीबुवा उभा राहतो. जी बाजू मांडायला धड नाव नाही तिचे गुण मराठीत मांडता येत नाहीत, दोषच मांडता येतात. दोन्ही बाजूंना न लाजता लावता येईल अशी शब्दांची जोडी कोणी सुचवील काय?

प्रतिसाद (माशेल)

दुसऱ्या शब्दासाठी दूर जायला नको, असे वाटते. आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव आहे. त्याला आपण रोट देतो, त्याला भितो आणि त्याच्यावर विसंबतोही. ‘राखण’ या शब्दात जुने ते सोने असा दावा नाही. जे आहे ते कोणाच्या तरी हयगयीने जाऊ नये, एवढीच काळजी आहे. ‘जतन’ म्हटले की वस्तुसंग्रहालय आठवते, ‘संवर्धन’ म्हटले की सरकारी योजना.

आपण बर्क यांचा उल्लेख केला म्हणून खाजनांचे उदाहरण देतो. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप असते. भरतीच्या रेट्याने तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. हा बांध कोणी एकदाच घालून निवांत बसलेले नाही. चिखल, दगड, लाकूड यांची डागडुजी चुकली की खेकड्याच्या एका बिळातून खारे पाणी आत येते आणि शेत पुढची कित्येक वर्षे नापीक होते. ज्या राज्याला बदलायचे साधन नाही त्याला टिकायचेही साधन नाही, असे बर्क म्हणतात, ते आमच्या बांधावरच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. राखणारा मनुष्य बदलाच्या विरोधात नसतो. तुमच्या बदलानंतर बांध कोण दुरुस्त करणार, एवढे तो विचारतो. २००६-०७मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोव्यात लोक रस्त्यावर आले ते शेत, डोंगर आणि खाजन राखायला आले होते, पण वर्तमानपत्रांनी त्यांना पुरोगामी म्हटले. शब्द चुकला होता, माणसे चुकली नव्हती.

प्रतिसाद (मडगाव)

माशेलच्या भाईंचा शब्द सुंदर आहे आणि म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. राखण कोणासाठी, हा प्रश्न त्या शब्दात विचारलाच जात नाही. ज्या गावकरीने, म्हणजे कोमुनिदाद या गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेने, ते बांध शतकानुशतके सांभाळले, तिचे सभासदत्व गावकारांच्या पुरुषवंशात चालत आले. बांधावर चिखल वाहणाऱ्या बाईला त्यात स्थान नव्हते आणि कामासाठी गावात येऊन राहिलेल्या मुंडकारालाही नव्हते. राखणदार वेशीवर उभा असतो हे खरे, पण वेशीच्या आत कोण, हे तो ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते. ‘पुराणमतवादी’ हा शब्द अन्यायकारक आहे हे मला मान्य आहे; ‘राखणदार’ हा शब्द गरजेपेक्षा अधिक न्यायी आहे, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या नागरी कायद्याकडे पाहावे. पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता ही उदारमतवादी काळाची निर्मिती, आणि ती १८७०पासून गोव्यात लागू झाली. मुलीला मुलाबरोबरीने वारसा आणि पती-पत्नीची मालमत्तेवर समाईक मालकी, या दोन गोष्टींनी माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना जो आधार दिला तो कोणत्याही भाषणाने दिला नसता. मात्र १८८०मध्ये हिंदूंच्या रीतिरिवाजांना मान्यता देणारा स्वतंत्र हुकूम निघाला आणि त्यात, पत्नीला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर तिच्या संमतीने पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा राहिली. दुसऱ्याच्या चालीरीतींबद्दल दाखवलेले हे औदार्यच होते. ते कोणाच्या पदरात पडले आणि कोणाच्या अंगावर आले, हे वेगळे सांगायला नको. प्रस्तावकांनी ‘उदार’ या शब्दाविषयी जी शंका घेतली आहे तिला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडत नाही.

आणखी एक गंमत पाहा. आज गोव्याचा हाच कायदा देशाने घ्यावा, असा आग्रह ज्यांचा आहे त्यांना वर्तमानपत्रे परंपरावादी म्हणतात, आणि ज्यांना उदारमतवादी म्हणतात त्यांच्यातले पुष्कळजण घाई करू नका, लोकांच्या रूढींचा विचार करा, असे सांगतात. युक्तिवादांची अशी अदलाबदल झाली असताना नावे मात्र जागच्या जागी आहेत.

प्रस्तावकाचे उत्तर (पणजी)

मडगावच्या बाईंनी दिलेला १८८०चा दाखला मी माझ्या वहीत उतरून घेतला आहे. त्यांच्या आक्षेपानंतर ‘राखणदार’ हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही, उलट तो अधिक उपयोगी वाटतो. कारण ज्या शब्दावर ‘कोणासाठी?’ असा प्रश्न लगेच उठतो तो वादाला चालतो. ‘पुराणमतवादी’वर कोणी प्रश्न विचारत नाही, नुसते हसतात. ‘राखणवादी’ असे रूप करून पाहावे, थोडे ओबडधोबड लागेल, पण ‘प्रागतिक’ही एकेकाळी तसेच लागले असेल.

आपल्याच राजकारणात या जोडीची कसोटी लावून पाहिली. १९६३च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६४मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, हातातले बरेच काही काढून घेतले. त्या अर्थाने तो बदलवाला पक्ष होता. तोच पक्ष देव, देऊळ आणि मराठी यांच्या बळावर उभा होता आणि गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण मागत होता. समोरच्या युनायटेड गोवन्स पक्षामागे जमीनमालकांचेही वजन होते, पण गोव्याचे वेगळेपण राखायची भाषा त्याची होती, आणि १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात लोकांनी ती उचलून धरली. माझ्या घरातली मते तेव्हा दुसऱ्या पारड्यात पडली होती. यांतला उदारमतवादी कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. काय राखायचे आणि कोणाची सत्ता आवरायची, असे दोन प्रश्न वेगळे विचारले तर दोन्ही पक्षांना उत्तरे देता येतात.

पहिल्या शब्दाचे मात्र जमलेले नाही. ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटले की स्वातंत्र्यसैनिक आठवतो. ‘मुक्तमतवादी’ म्हणावे तर ‘मुक्त’ला मराठीत सैल वागणुकीचा वास येतो, आणि गोव्यात ‘मुक्ती’ म्हणजे १९ डिसेंबर १९६१, दुसरे काही नाही. गोव्याचे पत्रकार आणि नेते मेनेझिस ब्रागांझा यांनी १९३०मध्ये पोर्तुगालच्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात ठराव मांडला आणि गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला, तेव्हा ते लिस्बनकडे उदारपणा मागत नव्हते. त्यांच्यावर लिहिताना मी एकदा ‘उदारमतवादी नेते’ हे शब्द तसेच जाऊ दिले होते. आता ती ओळ पुन्हा हाती आली तर ‘सत्तेला मर्यादा घालू पाहणारे’ असे लिहीन. शीर्षकात ते मावणार नाही, तेव्हा तिथे नुसते ‘लिबरल’ ठेवीन, आणि परदेशी पक्षांची नावे तर भाषांतर न करता जशीच्या तशी. ‘हुजूर पक्षा’ला मात्र हात लावणार नाही. तो एका स्तंभात बसतो.